मॅचिंग सेंटरच्या शेजारी

पहाटे 5.30

उठल्याबरोबर पहिलं काम मुठींचं. गादीवरच बसून दोन्ही हात समोर धरते, मुठी आवळते, सोडते, बोटं फाकवते. असं वीस वेळा. मृग लागून आठवडा झाला तरी मोर्शीत पावसाचा थेंब नाही. रात्रभर कुलर चालू होता, खोली ओलसर झाली, गार काही झाली नाही. मग कणीक. कणीक तिंबताना उजवं मनगट बोललं नाही, म्हणजे दिवस बरा जाणार. हा हिशोब मला सात-आठ महिन्यांपासून कळायला लागला. त्याआधी मनगट म्हणून शरीरात काही वेगळं आहे, हे कधी मनातही आलं नव्हतं.

डब्यात वांगं-आलूची भाजी, पोळ्या आणि ठेचा. भाजीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकायचा राहिला, तो कागदात बांधून सोबत घेतला.

सकाळी 8.00

माझं शटर आणि शेजारच्या वहिनींचं शटर मिनिटाच्या फरकानं वर जातं. त्यांचं मॅचिंग सेंटर आहे: ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, रिळं, टिकल्या. माझ्या पाटीवर झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मराठी टायपिंग, अक्षरजुळणी. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत मुद्रकाच्या नावाजवळ 'अक्षरजुळणी' असं छापलेलं असतं, ते काम मी 2003 पासून करते. दोघींचा धंदा जुळवण्याचाच. त्या साडीला रंग जुळवतात, मी हाताने लिहिलेल्या कागदाला अक्षर जुळवते.

सडा मारून झाला की फडकं घेते. धूळ पुसताना रोज एकेक वस्तू हाताखालून जाते, म्हणून सांगते. सीपीयूचा डबा काळा. प्रिंटर राखाडी. एक मॉनिटर रुंद, 22 इंची, आणि त्याच्या बाजूला 17 इंचांचा जुना चौकोनी. तो मी बदलत नाही, कारण ए-फोरचं उभं पान त्यावर बरं मावतं. दोन्ही मॉनिटर संत्र्याच्या लाकडी पेट्यांवर ठेवले आहेत. आता संत्रा प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये जातो, या पेट्या जुन्या दिवसांतल्या. पेटीमुळे पडद्याची वरची कड बरोबर डोळ्यासमोर येते आणि मान खाली घालावी लागत नाही. माउस लाल-काळा. की-बोर्ड टीव्हीएस गोल्ड, घेतला तेव्हा दुधी होता, आता जुन्या पोथीच्या कागदासारखा पिवळा झाला आहे. तसलं प्लॅस्टिक उन्हानं आणि वर्षांनी पिवळं पडतंच, त्याला पुसून काही होत नाही.

रंग जुळवून लावायची खरी गरज होती ती डब्याच्या मागच्या बाजूला. माझ्या की-बोर्डची गोल पिन जांभळी, माउसची हिरवी. दोन्ही पिना सारख्याच आकाराच्या. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलनं 1999 च्या सुमारास हे रंग ठरवून दिले, तेव्हापासून नवशिक्यालाही जांभळी पिन जांभळ्या भोकात लावता येऊ लागली. टोनरचंही असंच: 12ए चं टोनर 88ए च्या प्रिंटरमध्ये बसणार नाही. ही जुळणी चुकली तर कामच बंद पडतं, त्यामुळे ती मी कधी चुकू देत नाही.

सकाळी 9.00

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, आणि त्याआधीचे दोन-तीन आठवडे आमचे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी. त्यात मृग बहाराच्या फळपीक विम्याची मुदत जवळ आलेली. प्रत्येक अर्जाला आधारचे 12 आकडे, मोबाइलचे 10, बँकेचं खातं, मग गट नंबर आणि हेक्टर-आर. सकाळच्या दोन तासांत माझा उजवा हात अक्षरांपेक्षा आकड्यांवरच जास्त असतो.

हिवरखेडहून आलेली एक बाई नंबर येईपर्यंत टेबलाकडे पाहत होती. म्हणाली, "ताई, तुमचं एक डबडं कायं, एक पिवयं, हे राखुंडी. अमरावतीले पाहा, दुकानात सारं कसं एकसारखं पांढरं ऱ्हायते. तुम्ही काऊन नाई घेत?"

"घेतलं होतं न बाई," मी म्हटलं.

खरंच घेतलं होतं, म्हणजे मुलानं आणलं होतं. गेल्या दिवाळीत पुण्याहून येताना त्यानं पांढराशुभ्र सेट आणला. की-बोर्ड, माउस, मॉनिटरचं स्टँड, सगळं एकाच छटेचं, कुठे वायर नाही. त्याच्या पगारातून आणलेलं. माझं पिवळं-काळं सामान त्याला लहानपणापासून खुपत आलं होतं, हे मला तेव्हा कळलं. टेबलावर मांडलं तर दुकानाचं रूपच पालटलं. वहिनी पाहायला आल्या. मी फोटो काढून बहिणीला पाठवला. सुंदर दिसण्यानं मन हलकं होतं, त्यात खोटं काही नाही. आठ दिवस मी दुकानात नुसत्या आनंदानं येत होते.

तीन आठवडे त्यावर काम केलं. की-बोर्ड आटोपशीर होता, म्हणजे उजव्या बाजूचा आकड्यांचा भाग त्याला नव्हताच. बारा-बारा आकडे वरच्या ओळीतून वेचून मारायचे, आणि दर पाच-सहा अर्जांमागे एक आकडा चुकायचा. कळा सपाट, दाबली की नाही हे बोटाला समजत नसे. एकदा एका मुलीचा नॉन-क्रिमिलेअरचा अर्ज शेवटच्या पानावर असताना सेल संपला. सेल आणून घालेपर्यंत साइटनं बाहेर काढलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ती पोरगी काही बोलली नाही, पण तिची वरुडची बस गेली.

त्यानंतर मनगट. आधी मुंग्या, मग रात्री कळ. अमरावतीला फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला खुर्चीत बसवून हवेत टाइप करायला लावलं आणि म्हणाले, तुम्ही टाइप करत नाही, ठोकता. बरोबरच होतं. मी टाइपरायटरच्या यंत्रावर शिकलेली आहे.

सकाळी 11.00

गर्दी ओसरली की मोठ्या मजकुराचं काम काढते. सध्या रिद्धपूरच्या एका वृद्ध महानुभाव सद्गृहस्थांच्या वह्या आहेत. येतात, हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हणतात, आणि मागच्या खेपेची तपासलेली पानं पुढे ठेवतात. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते तिथंच, तेराव्या शतकात, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथंच सुरू झालं आहे. त्या गावचा मजकूर माझ्या हातून जुळतो, तेव्हा मी एरवीपेक्षा सावकाश चालते. त्यांच्या वहीत ळ फार. ळ चुकलेला त्यांना एकही चालत नाही, आणि मलाही चालत नाही.

टायपिंग मी 1996 साली इथल्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, गोदरेजच्या यंत्रावर. परीक्षा परिषदेची मिनिटाला 30 शब्दांची मराठी परीक्षा झाली, मग 40 ची. त्या यंत्राला हातोडीसारखा ठोका द्यावा लागे, नाहीतर अक्षर फिकं उमटे. गोदरेजनं 1955 ला टाइपरायटर बनवायला घेतले आणि 2009 ला थांबवले, पण माझ्या बोटांतला ठोका थांबला नाही. सपाट कळेवर तो ठोका जाऊन टेबलावर आपटतो आणि उलट सांध्यात येतो. टीव्हीएसच्या कळेखाली प्रत्येकी वेगळा स्विच आहे. अर्ध्या वाटेवर खट्ट होतं, बोटाला निरोप मिळतो, ठोका तिथंच जिरतो.

आणि दोन रेघा. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवट्याची एकेक रेघ असते, न पाहता बोटं जागेवर यावीत म्हणून. यंत्रावरच्या रेमिंग्टन पद्धतीत एफ म्हणजे माझी ऱ्हस्व वेलांटी आणि जे म्हणजे र. डोळे वहीवर, बोटं त्या दोन रेघांवर. एफवरची रेघ अजून लागते. जेवरची घासून गेली, म्हणून त्या जागी मी नेलपॉलिशचा एक ठिपका देते. सुकला की फुगीर होतो, दोन-अडीच महिने पुरतो. सध्याचा ठिपका अर्धा उडाला आहे. आज सकाळपासून तीनदा 'र' च्या जागी भलतंच अक्षर पडलं.

अमरावतीच्या छापखान्याला मजकूर जुन्या फाँटमध्येच लागतो, युनिकोड तिथं चालत नाही. जुन्या फाँटमध्ये काही जोडाक्षरं कळेवर नसतात. आल्ट दाबून आकड्यांच्या भागातले चार आकडे मारले की उमटतात, आणि तेही त्याच भागातले हवेत, वरच्या ओळीतले चालत नाहीत. म्हणजे पांढऱ्या सेटवर ही वही पुरी होणंच शक्य नव्हतं. फाँटची जुळणी चुकली तर काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे: चाळीस पानं छापखान्यात उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तेव्हापासून मजकूर पाठवताना फाँट आणि पीडीएफ दोन्ही सोबत देते.

टेबलाचंही सांगायला हवं. यंत्रावरच्या परीक्षा बंद झाल्या तेव्हा इन्स्टिट्यूटची यंत्रं किलोच्या भावानं भंगारात गेली. मी एक टेबल मागून घेतलं. टाइपरायटरचं टेबल लिहायच्या टेबलापेक्षा तीन-चार इंच बुटकं असतं, कारण यंत्राचीच उंची बरीच. त्यावर आज की-बोर्ड ठेवला की कोपर काटकोनात येतं, खांदे उचलावे लागत नाहीत, मनगट सरळ राहतं. फिजिओथेरपिस्टांनी जे कागदावर काढून दिलं, ते टेबल माझ्याकडे आधीपासून होतं. दिवाळीत मीच ते आत ढकलून सेटसाठी उंच, पांढऱ्या पाटीचं टेबल मांडलं होतं.

दुपारी 12.30

एक काकाजी विम्यासाठी आले. आधारच्या पडताळणीला अंगठा द्यायचा होता. अंगठ्याचं यंत्र नवीन आहे. जुनी एल-झिरोची यंत्रं बंद झाली, एल-वन घ्यावं लागलं. तिथं रंग-रूप कोणी विचारलं नाही, आणि विचारूही नये. आतली सुरक्षा पक्की पाहिजे एवढीच अट, ती मला मान्य आहे. पण यंत्र नवं असून काकाजींचा अंगठा काही उमटेना. चारदा झालं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला, माझ्यासमोर धरला. "बाई, माह्या अंगठ्याच्या रेघा वावरातच राहिल्या."

मी ओला रुमाल दिला, अंगठा मिनिटभर त्यात गुंडाळून ठेवायला सांगितलं. मग यंत्र टेबलावरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, म्हणजे हात अधांतरी राहणार नाही. यंत्राची वायर यासाठीच मी जास्तीची जोडून लांब केली आहे, काळ्या वायरीला पांढरी. सहाव्या खेपेला हिरवा दिवा लागला. ते वायरीकडे बघत नव्हते, दिव्याकडे बघत होते.

दुपारी 2.30

लाइन गेली. यूपीएस ओरडायला लागलं, चालू अर्ज जतन करून बंद केलं. वहिनी आणि मी मधल्या ओट्यावर डबे उघडले. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, मोरपंखी साडीला अस्तर हवं होतं. लाइन असतानाही वहिनी कपडा घेऊन बाहेर उन्हात येतात. ट्यूबच्या उजेडात जो रंग जुळतो तो उन्हात फुटतो, हे त्यांनी मला शिकवलं. जिला लग्नात साडी नेसून दिवसभर चारचौघांत वावरायचं आहे, तिच्यासाठी तो फरक खरा आहे. त्या फरकासाठी वहिनी दहा-दहा थानं उलगडतात आणि एक मीटर विकतात. मला त्यांच्या चिकाटीचं कौतुक आहे.

दुपारी 4.00

त्यांच्याकडून शिकलेलं मी तासाभरातच वापरलं. रोपवाटिकेवाले भाऊ पत्रकाची पहिली प्रत पाहायला आले. पाऊस पडला की संत्र्याची कलमं घ्यायला शेतकरी निघतील, त्याच्या आत पत्रक हवं. पडद्यावर संत्रा झगझगीत दिसत होता, कागदावर विटकरी पडला. पडदा उजेडानं रंग दाखवतो, कागद शाईनं, त्यामुळे पडद्यावरचा भगवा जसाच्या तसा कागदावर येत नाही. निळा कमी केला, पिवळा वाढवला, पुन्हा छापलं, रस्त्यावर उन्हात नेऊन पाहिलं. चौथ्या प्रतीला भाऊ म्हणाले, "हा आपला संत्रा." दोन मॉनिटर दोन तऱ्हेचे रंग दाखवतात, ही मात्र माझ्या दुकानाची खरी उणीव आहे. रंगाच्या कामाला मी फक्त रुंद मॉनिटरवर विसंबते.

मजकुरात 'जंबेरी व रंगपूर खुंटावरील कलमे' ही ओळ होती. ती मोठ्या अक्षरात घ्या म्हणाले. "कलम दिसायले हिरवंगार असलं का लोक उचलतात. खुंट कोनता हाये, थे कोनी इचारत नाई." मग बसून सांगत राहिले. संत्र्याचं झाड म्हणजे दोन झाडं. खाली जंबेरीचं नाहीतर रंगपूर लिंबाचं मूळ, त्यावर वीतभर उंचीवर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. जंबेरीची मुळं डिंक्या रोगाला लवकर बळी पडतात, रंगपूर त्यापुढे बरं टिकतं. जमीन आणि पाणी पाहून खुंट निवडायचा. जोड बसला त्या जागी खोडावर जन्मभर एक गाठ दिसते, वरची साल वेगळी, खालची वेगळी. आमच्या मोर्शी-वरुडच्या बागाच्या बागा त्या गाठीवर उभ्या आहेत. मी ओळ ठळक केली.

सायंकाळी 6.00

कामाला येणारी मुलगी कॉलेज आटोपून येते. वीस वर्षांची, हात लहान, बोटं हलकी. दुसऱ्या टेबलावर बसते, आणि तो पांढरा सेट तिच्याकडे आहे.

डिसेंबरमध्ये मी जुना की-बोर्ड परत काढला तेव्हा सेट खोक्यात घालून माळ्यावर ठेवणार होते. तिनं सहज दोन ओळी मारून पाहिल्या. "काकू, कळा किती हलक्या हायेत!" ती इनस्क्रिप्ट शिकते. ती रचना 1986 ला सरकारनं भारतीय भाषांसाठी ठरवली: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला मराठी 30 लागतं, त्याची तयारी चालू आहे. तिनं यंत्राला कधी हात लावलेला नाही, त्यामुळे तिच्या बोटांत ठोका नाही. माझा की-बोर्ड तिला जड जातो, दोन पानांत करंगळी दुखते म्हणते. आणि वेलांटीचा क्रमही उलटा. मी आधी वेलांटी मारते आणि मग क, जसं दिसतं तसं. ती आधी क मारते, मग वेलांटी, जसं बोलतो तसं. कागदावर दोघींचं 'कि' एकच.

तिच्या टेबलावर आकडे कमी आणि मजकूर जास्त देते. सेल महिन्याच्या एक तारखेला बदलायचा, संपायची वाट पाहायची नाही, असं तिनंच कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. तिचं टेबल नेटकं दिसतं, माझं दिसत नाही. दर वीस मिनिटांनी ती मला हाक मारते आणि आम्ही दोघी रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाकडे थोडा वेळ पाहतो. डोळ्यांना तेवढीच विश्रांती.

रात्री 8.15

मुलाचा फोन. पाऊस आला का, लाइन होती का, झालं. मग त्यानं विचारलं, "आई, सेट कसा चालतो?" इतके दिवस मी "छान" म्हणून वेळ मारून नेत होते. आज सरळ सांगितलं: सेट चांगला आहे, पण तो माझ्या हाताचा नाही, पोरीच्या हाताचा आहे, ती त्यावर परीक्षेची तयारी करते. मनगटाचंही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला आधी काऊन नाही सांगितलं?" पुण्यात पाच वर्षं काढूनही त्याचं 'काऊन' गेलेलं नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणाला, पुढच्या वेळी काही आणायचं तर आधी तुझे हात पाहीन.

वहिनी शटर ओढायच्या बेतात होत्या. मी ओट्यावरून ओरडले, "वहिनी, नेलपॉलिशची एक बाटली द्या न."

"कोणत्या रंगाची देऊ? मरून, गुलाबी, चॉकलेटी, मोतिया…" त्यांनी सवयीनं माझ्या साडीकडे पाहिलं.

"कोणतीही. पटकन सुकणारी द्या."

की-बोर्ड पालथा करून झटकला. जे ची कळ ओल्या कापसानं पुसली, जुना ठिपका नखानं खरवडला. मरून रंगाचा एक थेंब बरोबर मधोमध सोडला, पसरू नये म्हणून ब्रश सरळ वर उचलला. कुलरचा झोत दुसरीकडे वळवला, दिवा मालवला. सकाळी आठपर्यंत तो कडक होतो.